कोरड्यातलं कासव

खोली भाड्याने दिली की माणसं आपल्या मागे काहीबाही ठेवून जातात. एखादी फुटकी बादली, कॅलेंडर, खिळ्याला अडकवलेला बनियन. उमाजीच्या मागच्या खोलीतला अतुल कासव ठेवून गेला.

अतुल नागपूरचा, रस्त्याच्या कामावर सुपरवायझर. काम संपलं तसा तो गेला आणि त्याच आठवड्यात सत्यशीला राहायला आली. ती कोरपन्याकडची, गावातल्या आरोग्य केंद्रात नवीनच रुजू झालेली लॅब टेक्निशियन. सामान लावताना तिने खाटेखालचं प्लास्टिकचं क्रेट बाहेर ओढलं. त्यात जुन्या वर्तमानपत्रावर, बिस्किटांच्या चुऱ्यात, बशीएवढं एक कासव डोळे मिटून बसलं होतं. काळ्या पाठीवर पिवळ्या रेषा. प्रत्येक उंचवट्यावरून चांदणीच्या किरणांसारख्या त्या चहूकडे पसरलेल्या.

"माय वो!" उमाजीची बायको कुंताबाई दारातूनच ओरडली. "चार महिने माह्या घरात हे अन् मले पत्ता नाई!"

उमाजी मात्र खाली बसला. त्याने कासव उचललं, उलटं करून पाहिलं, पुन्हा सरळ केलं. साठी उलटलेला धीवर तो. उभं आयुष्य गावच्या तलावात जाळं टाकण्यात गेलेलं. जाळ्यात कासवं किती आली याची गणती नव्हती, पण असं नक्षीदार कधी आलं नव्हतं.

"काय देखणं आहे जी," तो म्हणाला. "कोणी काढलं असंल हे?"

अतुलला फोन लावला. तो हसत होता. "काका, ठेवून घ्या ना. लक्ष्मी येते घरात. बिस्किट खाते, त्रास नाही काही."

"लक्ष्मी येते तं तू काऊन सोडून गेला रे?" कुंताबाईने विचारलं, तेव्हा फोन कट झाला.

असं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, हे सत्यशीलेला माहीत होतं. तिने लगेच वनविभागाला कळवलं. पण त्या दिवसांत पलीकडच्या गावाजवळ वाघ फिरत होता आणि झाडून सगळे कर्मचारी तिकडे गस्तीवर होते. फोनवर खुशबू नावाची वनरक्षक होती. "चार-पाच दिवस सांभाळा, मी स्वतः येते न्यायला," ती म्हणाली. "बिस्किट देऊ नका. आणि कुठे सोडू नका."

सत्यशीलेने ते ऐकलं आणि कामाला लागली. क्रेट घासून स्वच्छ केलं. तळाशी कोरडी माती आणि भाताचं तणस पसरलं. एका कोपऱ्यात वीट उभी करून आडोसा केला, दुसऱ्या कोपऱ्यात मातीची पसरट पणती ठेवून तिच्यात बोटभर पाणी ओतलं. हराळी, जास्वंदीची फुलं आणून टाकली. डिसेंबरचं ऊन घरापुढच्या सपरीत, ओसरीवर, जिथे पडे तिथे ती सकाळी क्रेट ठेवी आणि ऊन सरकलं की क्रेट सरकवायला कुंताबाईला सांगून जाई. ती कमी बोलणारी होती. काय करायचं ते सांगे. का करायचं ते सांगायचं तिच्या लक्षात येत नसे.

उमाजी हे सगळं पाहत होता.

कासवाला पणतीभर पाणी! तो ओसरत्या उन्हात क्रेटजवळ बसे. कासव कोपऱ्यापर्यंत चालत जाई, प्लास्टिकला नाक लावी, वळे, दुसऱ्या कोपऱ्याकडे जाई. पुन्हा वळे. त्याची नखं प्लास्टिकवर खरडत. घराच्या मागे, चिंचेपलीकडे तलाव भरलेला होता, त्यावरून येणाऱ्या वाऱ्याला गाळाचा आणि कमळाच्या पानांचा वास होता. या जीवाला तो वास येत नसेल का?

"मॅडम, याले पाणी पाहिजे जी," तो एकदा म्हणालाही.

"आहे ना पाणी, भाऊ. तेवढं पुरतं त्याला."

"तुमाले ग्लासभर पाण्यात आंग धुवाले सांगतलं तं?"

ती हसली आणि ड्युटीवर गेली. तिला वाटलं, गंमत करताहेत.

उमाजीच्या घरी बापापासूनची एक रीत होती. जाळ्यात कासव आलं तर ते विकायचं नाही, खायचंही नाही. त्याच पाण्यात परत सोडायचं आणि सोडलं की वळून पाहायचं नाही. वळून पाहिलं तर त्याची वाट अडते, ते पुन्हा जाळ्यातच येतं, असं बाप सांगायचा. उमाजीने ही रीत कधी मोडली नव्हती. एका हंगामात मासळी नव्हती तेव्हाही नाही.

मंगळवारी कुंताबाई मासळीची टोपली घेऊन चामोर्शीच्या बाजाराला गेली. सत्यशीला केंद्रात होती. कासव क्रेटच्या कोपऱ्यात नाक लावून उभं होतं. उमाजीने थोडा वेळ पाहिलं. मग खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्यात कासव गुंडाळलं आणि छातीशी धरून तलावाकडे निघाला.

"चाल बापा," तो वाटेत त्याच्याशी बोलत होता. "या पिंजऱ्यातून त्या पिंजऱ्यात काऊन जातो? घरी चाल."

तलावाच्या पाळीवरून, बांधावरून उतरून तो मांडीभर पाण्यात शिरला. पाणी गार होतं. त्याने दुपट्टा उलगडला, कासव दोन्ही हातांनी अलगद पाण्यावर ठेवलं, हात काढले आणि वळला. मागे थोडी चुळबुळ ऐकू आली, मग काही नाही. गेलं. त्याला इतकं हलकं वाटलं की तो स्वतःशीच हसला.

काठाला हेमराजचा डोंगा लागला होता. हेमराज त्याच्याच भावकीतला, वयाने लहान, तोंडाने मोठा. "भाऊ, या जी, हात लावा जरा," त्याने हाक मारली. उमाजी बसला. दोघांनी मिळून मासळी निवडली. रोहू वेगळी, मरळ वेगळी, झिंगे वेगळे. सगळी निवडून झाल्यावर एकेक विडी ओढली. वाघाच्या गोष्टी झाल्या. मग तो घरी आला.

सत्यशीला दुपारच्या जेवणाला आली होती आणि रिकाम्या क्रेटसमोर उभी होती.

"भाऊ, कासव कुठं आहे?"

"गेलं घरी," उमाजी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर अजून ते हसू होतं. "तलावात सोडलं मी त्याले."

तिने चिंचेपलीकडे, तलावाकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "भाऊ, त्याला पोहता येत नाही."

उमाजी मोकळेपणी हसला. "कासवाले पोहता येत नाई? उद्या म्हणाल, बगळ्याले उडता येत नाई!"

"ते कोरड्यातलं कासव आहे. माळरानावर राहतं. पाण्यात बुडून मरतं." ती आता भराभर बोलत होती. "तुम्ही हातात धरलं ना त्याला? त्याचे पाय पाहिले? बोटांत पडदा होता का?"

उमाजीचं हसू जागीच थांबलं. त्याच्या तळहातांना ते पाय आठवले. जाळ्यात येणाऱ्या कासवाचे पाय पसरट, वल्ह्यासारखे असतात. हे पाय गोल होते, हत्तीच्या पायासारखे, खाली बोथट नखं. पणतीतलं पाणीही ते पायाने कधी ढवळत नव्हतं. हे सगळं त्याने पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि मनावर घेतलं नव्हतं, कारण कासव म्हणजे पाण्याचं, यात विचार करण्यासारखं काय होतं?

"केव्हा सोडलं?"

"आत्ताच," उमाजी म्हणाला. तोंडातून निघून गेलं. "आत्ताच जी, आलो अन्..." आणि तो पळत सुटला.

तलावाच्या काठावर त्याला जागा नेमकी ठाऊक होती. पाण्यावर काही दिसत नव्हतं. तो कपड्यांसकट शिरला आणि पायांनी तळ चाचपू लागला. गाळातलं कासव धीवर असंच शोधतो, डोळ्यांनी नाही, तळपायांनी. दगड, शिंपला, कमळाची मुळं, पुन्हा दगड.

"का भाऊ, अंगठी पडली का काय?" हेमराज डोंग्यातून ओरडला.

"कासव!"

"तुमीच तं सोडलं ना आता? त्याले का पश्चात्ताप झाला?"

"अरे, पोहता येत नाई त्याले!"

हेमराजने तोंड उघडलं, पण उमाजीचा चेहरा पाहून बंद केलं आणि डोंग्यातून उडी मारली. दोघं एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून पुढे सरकू लागले. काठावर सत्यशीला चप्पल हातात घेऊन उभी होती. तळ उताराचा होता. जड वस्तू घरंगळणार, म्हणून उमाजी आणखी खोल गेला. छातीभर पाण्यात त्याच्या डाव्या पायाला काहीतरी गोल, खडबडीत लागलं. तो खाली बसला, डोकं पाण्याखाली गेलं, आणि वर आला तेव्हा कासव त्याच्या हातात होतं. चारही पाय आणि मान लोंबत होती.

"मेलं जी हे," हेमराज हळूच म्हणाला.

सत्यशीलेने ते घेतलं. तिचा एक हात फोनवर होता. चामोर्शीचे गुरांचे डॉक्टर बोलत होते. "मी बैल-शेळ्यांचा माणूस, मॅडम. पण डोकं खाली करा. मान ताणून धरा. पुढचे पाय आत-बाहेर करा, हळू. लवकर सोडून देऊ नका, ही जात मेल्यासारखी दिसते पण मरत नाही."

तिने तसंच केलं. कासवाच्या नाकातोंडातून पाणी निघालं, मग फेस, मग पुन्हा पाणी. पुढचे पाय आत, बाहेर. आत, बाहेर. तिचे हात दुखले तेव्हा उमाजीने कासव घेतलं. उमाजीच्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि त्याला थंडी वाजत असल्याचं भानही नव्हतं. मग त्याच्या बोटांमधला एक पाय, अगदी किंचित, आपणहून आत ओढला गेला.

"आलं," तो म्हणाला. "मॅडम, आलं जी."

घरी आल्यावर क्रेट बाजूला पडलं. उमाजीने कोंबड्या झाकायचा बांबूचा डालगा आणला, आत तणसाची जाड गादी केली, वर गोणपाट टाकलं. सत्यशीलेने वायर ओढून आत पिवळा बल्ब सोडला. कासवापासून किती उंचीवर, ते तिने स्वतःचा तळहात धरून ठरवलं. चटका नको, ऊब हवी. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. डॉक्टरच होते. तिने फोन सपरीच्या कठड्यावर ठेवला, त्यामुळे उमाजीलाही ऐकू येत होतं.

"पाण्यात किती वेळ होतं?"

"थोडा वेळच, सर. सोडून घरी आले आणि लगेच आम्ही गेलो."

"मग ठीक आहे. ऊब द्या, शांत ठेवा. वनविभागाचे येतील तेव्हा तिकडचे डॉक्टर पाहतील. जास्त वेळ असतं तर गोष्ट वेगळी. मग फुप्फुसात पाणी राहतं, न्यूमोनिया होतो, लगेच इंजेक्शनं सुरू करावी लागतात. वाट पाहून चालत नाही."

उमाजी तणस नीट करत होता. त्याचे हात थांबले, पुन्हा चालू झाले.

सांजेला कुंताबाई बाजारातून आली. सगळं ऐकल्यावर तिने कपाळाला हात लावला. "अवो, उभा जन्म पाण्यात गेला तुमचा, अन् पाण्याचं कोणतं नि कोरड्याचं कोणतं, येवढं नाई समजत?" मग तिने त्याचे ओले कपडे पाहिले आणि तिचा आवाज खाली आला. "अन् हे पाहा, जंगलवाल्याले काही सांगू नोका. पडलं म्हणा पाण्यात. तुमाले धरून नेतील."

"कोणी नेत नाही, बाई," सत्यशीला म्हणाली.

"तुले काय माहीत, पोरी? इथी ससा मारला तं माणसं आत गेले."

उमाजी डालग्याजवळ बसून राहिला. कासवाचे डोळे मिटलेले होते. श्वास घेताना नाकपुडीवर बारीक बुडबुडा येई आणि फुटे, आणि आतून एक आवाज येई, सुकल्या शेंगेत बी हलावं तसा. तो आवाज त्याने दुसऱ्या कोणाला ऐकवला नाही. सगळी मासळी निवडून झाली होती. रोहू वेगळी, मरळ वेगळी. वर एक विडी. तो 'आत्ताच' म्हणाला होता, आणि सत्यशीलेने तेच डॉक्टरांना सांगितलं होतं.

सांगितलं तर काय होणार होतं? ती पोरगी काही ओरडली नसती. तेच नको वाटत होतं. तिने नुसतं पाहिलं असतं. आणि लबाडी कशासाठी, तर आपण मूर्ख ठरलो ते थोडं कमी दिसावं म्हणून. आपण दयेने गेलो होतो. मग तेवढंच लोकांच्या ध्यानात राहावं, असं वाटत होतं. पण त्या बुडबुड्याला दया समजत नव्हती.

सकाळी सत्यशीला दात घासत अंगणात आली तेव्हा तो उभाच होता.

"मॅडम, मी खोटं बोललो."

तिने ब्रश तोंडातून काढला.

"आत्ताच म्हणलो मी. तसं नाई. हेमराजची सारी मासळी निवडली मी तिथी बसून. विडी ओढली. मंग आलो घरी. लय वेळ होतं ते पाण्यात. डॉक्टर म्हणत होता ना, लय वेळ असंल तं सुई लागते. त्याचा दम वाजून राह्यला, ऐका तुमी."

ती डालग्यापाशी वाकली, कान लावला. बराच वेळ ऐकत राहिली. उठली तेव्हा तिचा चेहरा कडक झाला होता. "काल का नाही सांगितलं, भाऊ?"

"लाज वाटली जी."

ती त्याच्याकडे पाहत राहिली, अगदी त्याला भीती होती तशीच. मग म्हणाली, "माझीही चूक आहे. सोडू नका असं खुशबू मॅडम म्हणाल्या होत्या, आणि मी तुम्हाला सांगितलंच नाही. तुम्हाला कासव माहीत आहे असं धरून चालले मी." आणि तिने फोन लावला.

डॉक्टर दुपारच्या आत आले, मोटरसायकलवर, मागे खाकी कपड्यातली खुशबू. तिचे डोळे जागरणाने लाल होते. डॉक्टरांनी कुठे तरी विचारून औषधाचं प्रमाण आणलं होतं. छाती ऐकण्याची सोय नव्हती, तरी त्यांनी कवचाला नळी लावून पाहिली.

"बरं झालं कळवलंत," ते म्हणाले. "दोन दिवस असंच ठेवलं असतं तर गेलं असतं."

पुढच्या पायात सुई टोचली तेव्हा कासवाने डोकं आत ओढलं आणि जोरात फुस्स केलं. उमाजी दचकला.

"रागावलं जी!" तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "चांगलं झालं. रागाव बापा, रागाव."

खुशबू कुंताबाईने दिलेला चहा पीत होती. कुंताबाई तिच्या गणवेशाकडे आणि नवऱ्याकडे आळीपाळीने पाहत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "बाई, बुढा साधा आहे जी माहा. त्याले आत नोका टाकू."

"आजी, यांना आत टाकलं तर कासवाची शुश्रूषा कोण करणार?" खुशबू म्हणाली. "त्या अतुलरावांशी मात्र मी बोलणार आहे. आणि या गारठ्यात ह्याला एवढ्या लांब न्यायचं नाही. इंजेक्शनं होईपर्यंत इथंच राहू दे. मी वरिष्ठांना विचारलंय."

मग ते दिवस उमाजीने डालग्याशेजारीच काढले. डॉक्टर सुई टोचून जात, उमाजी पाय धरे. वीज गेली की तो चुलीवर विटा तापवी, फडक्यात गुंडाळून तणसाबाहेर ठेवी आणि हात लावून पाही. पणतीतलं कोमट पाणी तो आता एवढंसं भरी की हेमराज म्हणे, "भाऊ, चिमणी तरी बुडंल का त्यात?" तो रोज नवा पाला आणे: हराळी, घोळ, जास्वंद, काटे काढलेलं निवडुंगाचं पान. रोज तो पाला संध्याकाळी सुकून जाई. कासव खात नव्हतं. सत्यशीला सुकलेला पाला उचलताना काही बोलत नसे, आणि उमाजीला तिचं न बोलणं आता वाचता येऊ लागलं होतं.

एका सकाळी ऊन सपरीत आलं तेव्हा त्याने कासव उन्हात काढून ठेवलं आणि स्वतः जाळं शिवत बसला. पायाशी काहीतरी कुरतडल्याचा आवाज आला. त्याने मान न हलवता नुसते डोळे खाली केले. कासव निवडुंगाच्या पानावर चढलं होतं. एक घास घेऊन थांबलं. गिळलं. पुन्हा तोंड उघडलं, आत गुलाबी जीभ दिसली. उमाजीने सुई जाळ्यात तशीच अडकवून ठेवली.

"मॅडम," तो अगदी हळू आवाजात म्हणाला. "ओ मॅडम. चप्पल नोका घालू. तशाच या."

सत्यशीला अनवाणी आली. कुंताबाईही आली, हाताला पीठ होतं. तिघं बसून पाहत राहिली. पान अर्धं संपलं. मग कासवाने तिथेच, सपरीच्या सारवलेल्या जमिनीवर, एक काळी, कोरडी लेंडी टाकली.

"बापरे, उत्तम!" सत्यशीला म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा आवाज एवढा चढलेला कोणी ऐकला नव्हता.

"माह्या नातवानं असं केलं तं सून शिव्या देते," कुंताबाई म्हणाली, "अन् याचं कौतुक!"

खुशबू न्यायला आली तेव्हा नाक कोरडं होतं, श्वास स्वच्छ होता. तिने पुठ्ठ्याची पेटी आणली होती, झाकणाला भोकं पाडलेली. उमाजीने आधी तणस घातलं, मग हाताने दाबून पाहिलं, थोडं काढलं, पुन्हा घातलं.

"तिथी याच्या जातीचे आहेत का जी?"

"चंद्रपूरला दोन आहेत, असेच कोणाच्या घरातून सुटलेले. नीट बरे झाले की सगळ्यांना त्यांच्या मुलखात पाठवतील. पाऊस कमी, काटेरी झुडपं, मोकळा माळ."

"तलाव नाई?"

"तलाव नाही."

उमाजीने मान हलवली. त्याने कासव उचललं. कासवाने पाय आत घेतले नाहीत. हवेत चालत राहिलं. ते त्याने पेटीत ठेवलं, बाजूला निवडुंगाचे तुकडे आणि दोन जास्वंदीची फुलं ठेवली आणि झाकण लावलं.

मोटरसायकल अंगणात उभी होती. पण गल्ली खड्ड्यांची होती, म्हणून डांबरी सडकेपर्यंत पेटी आपणच नेतो, असं त्याने जाहीर केलं. खुशबूने विचार केला आणि किल्ली खिशात टाकली. मग उमाजी पेटी छातीशी धरून पुढे, आणि शेजारून खाकी कपड्यातली ती पोरगी बंद मोटरसायकल ढकलत, घामाघूम होत, अशी वरात निघाली. सत्यशीला तीन पावलं मागे होती. "काय जी, कोणाचं लगन आहे?" हेमराजने काठावरून विचारलं, आणि उमाजीने उत्तर दिलं नाही, कारण बोलताना हात हलतात.

सडकेवर आल्यावर त्याने पेटी सीटवर ठेवली, दोरीने एकदा बांधली, दुसऱ्यांदा बांधली.

"जास्त पळवू नोको, माय. गतिरोधक आला तं थांबूनच घे. ऊन एका बाजूनं लागलं तं पेटी फिरव. अन् डॉक्टरले सांग, किती वेळ पाण्यात होतं ते. लय वेळ होतं म्हण. लाजू नोको."

"सांगते, भाऊ." तिने गाडी सुरू केली. "पण आता हात काढा की."

"काढतो," उमाजी म्हणाला. त्याची बोटं पेटीच्या भोकांवर होती, आणि आतून एक थंड, खरखरीत नाक त्यांपैकी एका बोटाला लागत होतं. "काढतो जी. एक मिनिट."